मैत्रिणीच्या पोटऱ्या

१२ जानेवारी

प्रिय सूनबाई,

पत्र बघून दचकू नकोस. सगळे ठणठणीत आहेत. तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर मुद्दाम टाकलं आहे. पोस्टात काम करणाऱ्या बाईचं पत्र तिच्या टेबलापुढे जाऊन जाऊन जाणार कुठे? घरी टाकलं असतं तर दादूने आधी फोडलं असतं. माझ्या मुलाला लहानपणापासून बंद पाकीट बघवत नाही. आणि फोनची तर सोयच नाही. यांना ऐकू कमी येतं म्हणून आमचा फोन कायम स्पीकरवर आणि तोही आमच्या शिवणाच्या दुकानाच्या खिडकीत. मध्ये मी डॉक्टरांशी पोट साफ होत नाही म्हणून बोलले, तर दुसऱ्या दिवशी समोरचा चपलांचा दुकानदार काळजीने चौकशी करायला आला. तेव्हापासून मी फोनवर हवापाण्याशिवाय काही बोलत नाही.

तर काम असं आहे. माझी एक मैत्रीण आहे. तुझ्या ओळखीची नाही. वय माझ्याएवढंच. तिचे गुडघे गेली काही वर्षं फार कुरकुरतात. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची घाई नको, आधी पाण्यातले व्यायाम करून बघा, मांड्यांत ताकद आली की जिने चढू लागाल. जिने म्हटल्यावर ती लगेच तरणतलावावर नाव घालून आली. तिथे शिकवणाऱ्या बाईच्या गळ्यात शिट्टी असते, म्हणून सगळ्याजणी तिला शिट्टीबाई म्हणतात. शिट्टीबाईचं म्हणणं असं की गुडघ्यापासून खाली पाय उघडे पाहिजेत. गुडघा सरळ वळतो की आत पडतो ते तिला पाण्यातून दिसायला हवं.

आता मैत्रिणीच्या पोटऱ्यांवर केस आहेत. थोडेथोडके नाहीत. आयुष्यभर पायघोळ कपडे घातले, कुणी बघायचा प्रश्नच आला नाही. पहिल्या दिवशी काठावर ओळीने बसलेल्या बायकांचे पाय तिने बघितले आणि आपले टॉवेलात गुंडाळून घेतले. कुणी काही बोललं नव्हतं हं. तिचं तिलाच कसंतरी झालं.

मग त्या शहाणीने काय करावं? स्वेटरवरचे गोळे काढायचं ते बॅटरीचं मशीन असतं ना, ते फिरवलं पायांवर. लोकरीवरचं कापतं तर हेही कापेल, असा हिशेब. सूनबाई, नडगी पार सोलवटली. लाल चट्टे उठले, वर बारीक पुरळ, आणि आग अशी की पाय कुठे ठेवू नि कुठे नको. शिट्टीबाईने दारातच अडवलं. तिथे पाटीच आहे, अंगावर पुरळ किंवा जखम असेल तर पाण्यात उतरायचं नाही. पाणी नाही तर ताकद नाही, आणि ताकद नाही तर जिने नाहीत. बिचारी रडकुंडीला आली आहे.

तुझी कातडी मुळात हळवी. तू या सगळ्यातून गेली असशील म्हणून तुला विचारते. काय लावायचं, काय वापरायचं ते सविस्तर लिही. आणि दादूला काही बोलू नकोस. बायकांच्या गोष्टीत त्याने नाक खुपसलेलं माझ्या मैत्रिणीला चालणार नाही.

चिंगीचा पापा घे.

तुझी सासू


१९ जानेवारी

ती. आई, नमस्कार.

अहो आई, स्वेटरचं मशीन? मी काउंटरवर बसून इतकी हसले की रांगेतल्या आजोबांना वाटलं मी त्यांच्या पार्सलला हसते. ते मशीन तिला तुमच्या दुकानातून तर दिलं नाहीत ना? दिलं असेल तर आधी परत घ्या आणि धुऊन ठेवा. मग मात्र हसू ओसरलं, कारण ती आग मला चांगली ठाऊक आहे.

तुमच्या मैत्रिणीला सांगा, सध्या काहीही करू नका. पुरळ आहे तोवर त्या पायांना ब्लेडही लावायचं नाही आणि ते केस उडवायचं क्रीमही नाही. गार पाण्याच्या घड्या ठेवा. वास नसलेलं साधं मॉइश्चरायझर लावा. नखं कापून टाका, म्हणजे झोपेत खाजवलं तरी ओरखडे उठणार नाहीत. पू धरला, पाय गरम लागला किंवा लाली पसरत चालली तर मात्र घरचे उपाय बंद, सरळ डॉक्टर. त्यांना साखरेचा त्रास असेल तर आधीच डॉक्टरांना विचारून घ्या.

पाय पूर्ण शांत झाले की मगच पुढचं. नवीन रेझर आणा. नवऱ्याचा जुना अजिबात नको. बोथट ब्लेड केस कापत नाही, ओढतं. आधी कोमट पाण्याने अंघोळ करा, केस भिजून मऊ होऊ द्या, कढत पाणी मात्र नको. मग शेव्हिंगचं जेल लावा, तेही बिनवासाचं. फेसाळ साबणाने कातडी कोरडी पडते. रेझर केस ज्या बाजूला झोपलेले असतात त्याच बाजूला फिरवा, उलट नाही. उलट फिरवलं की गुळगुळीत होतं खरं, पण नंतर केस आतल्या आत वळतात आणि फोड येतात. मी कॉलेजात असताना हेच करायचे आणि मग भर उन्हाळ्यात जाड मोजे घालून फिरायचे.

झालं की पाय पुसायचे नाहीत, टॉवेलने नुसते टिपायचे. लगेच मॉइश्चरायझर. आणि पोहायच्या दिवशी हे उद्योग नकोत. ताज्या कातडीला तलावातलं क्लोरीन असं झोंबतं की विचारू नका. एक-दोन दिवस मध्ये जाऊ द्या. आणि खरं सांगू का, केस असले म्हणून पाणी काही त्यांना बाहेर काढत नाही. नाही काढले तरी चालेल, हेही सांगा.

तुम्हाला मैत्रिणीची एवढी काळजी वाटते हे वाचून बरं वाटलं. तुम्ही कधी येता? चिंगी विचारते की आबा येतात तर आजी का येत नाही. मी सांगते, आजीच्या दुकानात गर्दी असते.

तुमची सून


८ फेब्रुवारी

प्रिय सूनबाई,

मशीन परत घेतलं. धुतलंही.

तुझं पत्र मैत्रिणीला शब्दन् शब्द वाचून दाखवलं. पाय शांत होईपर्यंत ती थांबली. थांबणं तिच्या स्वभावात नाही, पण थांबली. त्या ‘झोपलेल्या बाजूला’ म्हणालीस ना, ते तिला एका क्षणात कळलं. मखमलीचं कापड असतं तसंच. हात एका बाजूने फिरवला की लव बसते, उलटा फिरवला की उभी राहते. मखमल शिवताना प्रत्येक तुकड्याची लव एकाच दिशेला ठेवावी लागते, नाहीतर झगा दोन रंगांचा दिसतो. एवढं साधं होतं तर आधीच का नाही कुणी सांगितलं!

नवीन रेझर आणला, जेल आणलं, कोमट पाणी, सगळं तू सांगितल्याबरहुकूम. पहिला हात फिरवला आणि काय सांगू तुला, लोण्यातून सुरी गेल्यासारखं. जीव भांड्यात पडला. पण मग खिडकीजवळ बसून चष्मा लावून बघितलं तर घोट्याच्या वर दोन-चार केस तसेच. आता एकही सुटा धागा बाहेर दिसलेला मला खपत नाही, तुला माहीत आहे. कपडा गिऱ्हाईकाच्या हातात द्यायच्या आधी मी भिंगाखाली धरते. म्हणून परत हात फिरवला. परत दोन दिसले. मग जरा दाबून. मग जरा उलट बाजूने, अगदी थोडंसंच. मग गुडघ्याच्या खालच्या खळगीत राहिले होते ते. पाय कसा तुकतुकीत झाला, स्वतःलाच ओळखू येईना.

दुसऱ्या दिवशी माझी नडगी पुन्हा पेटली. बारीक लाल ठिपके, जसे काही टाचण्या टोचल्या आहेत. शिट्टीबाईने पुन्हा परत पाठवलं. वर म्हणाली, ‘काकू, तुम्ही पाय घासून घासून कुणाचं काय काढताय?’

कंटाळले बाई. यांनीही गंमत केली. मी यांना सांगितलं होतं की एका मैत्रिणीला पायाचा त्रास आहे. काल आरशाखाली एक क्रीमचा डबा होता, बिनवासाचा. मी म्हटलं, हे काय? तर म्हणतात, ‘तुझ्या मैत्रिणीला दे. आणि तिला म्हणावं, माझ्या रेझरला हात लावू नकोस.’ ऐकू कमी येतं, पण दिसतं बरोबर.

काय करू आता?

तुझी सासू


१४ फेब्रुवारी

अहो आई,

मैत्रिणीची नडगी तुमच्या पायाला कधीपासून आली?

मी पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा पोट धरून हसले. दुसऱ्यांदा मात्र गुडघ्यांपाशी थांबले. मागचंही पत्र काढून वाचलं. ‘गेली काही वर्षं कुरकुरतात.’ ‘जिने म्हटल्यावर ती लगेच नाव घालून आली.’ आई, आमचं घर चौथ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही.

आज मनातलं लिहिते, रागावू नका. आम्ही इथे राहायला आल्यापासून बाबा येतात, दोन-दोन दिवस राहतात. तुम्ही येत नाही. कधी गर्दीचे दिवस, कधी सर्दी, कधी कुणाचा सूट तातडीने द्यायचा असतो. दादूला वाटतं, आईला प्रवासाचा कंटाळा. मला वाटायचं की तुम्हाला मीच आवडत नाही. तुम्ही आलात तर पडद्याची शिवण बघाल, उशीचा उसवलेला कोपरा बघाल आणि काही न बोलता उशी सुईदोऱ्यासकट मांडीवर घ्याल, अशी मला भीती वाटायची. आणि न आल्यावर वाटायचं, निदान तेवढं तरी करायला या.

मग मला तो गणवेश आठवला. मी नुकतीच तुमच्या घरी आले होते आणि पोस्टातली नोकरीही नवी होती. गणवेशाची कॉलर इतकी खरखरीत होती की मानेवर रोज संध्याकाळी लाल पट्टा उठायचा. नवी सून म्हणून मी गप्प बसले, ओढणी गुंडाळून फिरले. एक दिवस सकाळी कपाटातून गणवेश काढला तर कॉलरला आतून जुन्या मलमलचं अस्तर. मागचं लेबल उसवून काढलेलं. काखेतल्या शिवणींवरसुद्धा मऊ पट्टी. तुम्ही काही विचारलं नाहीत, मीही काही बोलले नाही. आजही मी तोच अस्तराचा गणवेश घालून बसले आहे. दुसरा सरकारी मिळाला तो तसाच ठेवून दिलाय. एवढी वर्षं झाली, आभार मानायचे राहूनच गेले. आई, मनापासून आभार. ज्या बाईने माझी मान न विचारता ओळखली, तिचे पाय मला ओळखता आले नाहीत.

आता पायांचं. तुम्ही जे केलंत ना, ती फक्त शिंपिणीलाच होणारी चूक आहे! पाय गिऱ्हाईकाला द्यायचा नाहीये. एका जागेवरून एकदाच हात, दाब अजिबात नाही, ब्लेड दर वेळी धुवायचं. दोन-चार केस राहिले तर राहू द्यायचे. भिंग तर कुलूप लावून ठेवा. आणि या खेपेला पाय शांत झाले की रेझरच नको. मी पार्सलने छोटं ट्रिमर पाठवते आहे. ते कातडीच्या जरा वरूनच केस कातरतं, तुमच्या कात्रीसारखं. हाताला किंचित खरखर लागेल, पण कातडी सोलणार नाही. माझ्यासारख्या रागीट कातडीला तेच मानवलं. सोबत क्रीमही आहे. आधी कोपराच्या आत थोडं लावून एक दिवस बघा. रात्री घट्ट मोजे नकोत, सैल सुती पायजमा घाला. तो शिवायला मी तुम्हाला काय सांगणार!

पण मला आधी खरं काय ते लिहा.

तुमची सून


२० फेब्रुवारी

माझ्या लाडक्या पोरी,

तुझं पत्र वाचून मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि आत बसून मनसोक्त रडले. मग एक गिऱ्हाईक शटरखालून वाकून म्हणालं, ‘पँटची उंची कमी करायची होती,’ म्हणून उठावं लागलं.

तू आवडत नाहीस म्हणे! अगं, असं कसं वाटून घेतलंस? आणि माझंही चुकलंच म्हणा, मी कधी तोंडाने काही बोलतच नाही. मला वाटतं शिवण घातली की समोरच्याला सगळं कळलं.

खरं ऐक. तुम्ही नव्या घरात गेलात तेव्हा मी आले होते. तुमच्या दारापर्यंत नाही, दुसऱ्या मजल्यापर्यंत. चिंगी तेव्हा रांगत होती. तिच्यासाठी शिवलेलं दुपटं पिशवीत होतं. दुसऱ्या मजल्यावर उजव्या गुडघ्याने हातच टेकले. वर जाता येईना आणि खाली उतरायची भीती वाटे. यांना दुपटं देऊन वर पाठवलं, म्हटलं सांगा की गिऱ्हाईकाचं बोलावणं आलं म्हणून ती घरीच राहिली. मग कठड्याला धरून कशीबशी खाली गेले आणि बसथांब्यावर बसून राहिले. तुमच्या खिडकीत पिवळा पडदा होता. त्याची शिवण एका बाजूला कमी उंचीची आहे, हे मला खालूनसुद्धा दिसलं. पण खरं सांगू, मी पडद्याकडे शिवण बघायला बघत नव्हते.

दादूला का नाही सांगितलं? तो घर बदलेल. तू ओळखतेस त्याला. आईच्या गुडघ्यासाठी उद्या तळमजल्यावरचं घर बघेल. मग तुझं पोस्ट लांब, चिंगीची शाळा लांब. मी जन्मभर दुसऱ्यांचे कपडे त्यांच्या मापाचे करून देत आले. आता माझ्या मापाने तुमचा संसार उसवायचा, हे मला जमायचं नाही. म्हणून ठरवलं की गुडघा नीट करायचा आणि एक दिवस गुपचूप वर येऊन दार वाजवायचं. त्यात या पोटऱ्या आडव्या आल्या!

तू लिहिलंस, केस नाही काढले तरी चालेल. खरं आहे. शिट्टीबाईही तेच म्हणाली. पण मला काढायचे आहेत. त्या दिवशी पाय पेटायच्या आधी एक संध्याकाळ ते तुकतुकीत पाय घेऊन मी नुसती बसले होते. या पायांकडे मी कधी बघितलंच नव्हतं. शिवणाच्या मशीनचं पायडल मारत त्यांनी दोन मुलं वाढवली. छान आहेत गं माझे पाय. आता कुणी थट्टा केली तरी माझं काही अडत नाही.

पार्सल मिळालं. ट्रिमरला मी नाव ठेवलंय, धाकटी सून. फारशी बोलत नाही आणि काम चोख करते. तू थोरलीच, रुसू नकोस.

दादूला सांगू नकोस. एवढं माझं ऐक. तुझे उपकार फेडायला मी तुझा पडदा नीट करून देणार आहे, आणि त्यासाठी मला वर यावंच लागेल.

तुझी आई


१ मार्च

(साधं कार्ड)

मैत्रीण पाण्यात उतरली. केस राहिलेत सात-आठ, भिंग कपाटात. पुरळ नाही, आग नाही. शिट्टीबाईने पाय बघून दार उघडलं आणि म्हणाली, ‘या, महाराणी.’ सविस्तर नंतर. कार्डावर लिहिते आहे तेव्हा वाचणाऱ्या पोस्टमनदादांनाही नमस्कार.


९ मार्च

अहो आई,

कार्ड आमच्या विभागात तीन जणांनी वाचलं आणि आता सगळे विचारतात, मैत्रीण कशी आहे. पार्सलवाल्या बाईंनी तर स्वतःच्या पायांसाठी क्रीमचं नाव लिहून घेतलं.

दादूला सांगितलेलं नाही. पण फार कठीण आहे. तुमचा फोन आला की तुम्ही हवापाण्याचं बोलता आणि मला हसू आवरत नाही. तो विचारतो, ‘उकाड्यात एवढं हसण्यासारखं काय आहे?’

एक काम मी केलं आहे, तेवढं चालवून घ्या. आमच्या जिन्याला प्रत्येक मजल्याच्या मध्ये वळण आहे. पहिला जिना बरा, पायऱ्या बुटक्या. दुसऱ्या मजल्यावर खिडकीला रुंद कट्टा आहे, तिथे बसता येतं. त्यापुढे कठडा डाव्या बाजूला जातो, हे लक्षात असू द्या, कारण तुमचा उजवा गुडघा जास्त वाईट. तिसऱ्या मजल्यावर बसायला काहीच नव्हतं. म्हणून मी तिथे आपलं लाकडी स्टूल नेऊन ठेवलंय. शेजाऱ्यांनी विचारू नये म्हणून त्यावर कुंडी ठेवली आहे. दादू म्हणाला, अंधारात झाड कशाला? मी म्हटलं, त्याला सावली लागते. झाड बहुधा मरेल, पण स्टूल भक्कम आहे.

घाई करू नका. पाणी सोडू नका. पाण्यातून बाहेर आलात की लगेच साध्या पाण्याने पाय धुऊन क्रीम लावा, ओल्या कपड्यात बसून गप्पा मारू नका. तुमचा स्वभाव माहीत आहे मला.

तुमची सून


२७ एप्रिल

प्रिय सूनबाई,

आज शिट्टीबाईने मला तलावाच्या पायऱ्या हात न धरता चढायला लावल्या. पाण्यात अर्ध्या बुडालेल्या पायऱ्या, त्यामुळे मोठी मर्दुमकी नाही, पण मी वर पोचले आणि बाकीच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांच्या पोटऱ्यांवर माझ्यापेक्षा दाट जंगल, आणि त्या ताठ मानेने फिरतात. मी त्यांना ट्रिमर दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘मला नको, पण असे पाय तुम्हाला शोभतात.’ दोघींचं छान जमलंय.

घोट्याजवळ एकदा जरासं लाल झालं होतं. मी लगेच हात आवरला, चार दिवस काही केलं नाही, गेलं. बघ, सुटा धागा बघून गप्प बसायला शिकले मी या वयात.

हे मला रोज तलावावर सोडतात आणि बाहेर बाकावर पेपर वाचत बसतात. काल म्हणाले, ‘तुझी मैत्रीण आता फार झपाझप चालते. मला धाप लागते तिच्यामागे.’

देव तुझं भलं करो. तो नसेल तर मी करीन.

तुझी आई


२१ जून, सकाळ

सूनबाई,

या पाकिटावर तिकीट नाही. तुमच्या खात्याने काय दंड करायचा तो कर. हे पत्र घेऊन वर येणारा पोस्टमन माझा नवरा आहे, त्याला आधी पाणी दे.

मी तुझ्या स्टुलावर बसले आहे. कुंडी खाली ठेवली आहे. झाड मेलं नाही हं, चांगली नवी पानं फुटली आहेत. कागद मांडीवर धरून लिहिते, म्हणून अक्षर असं वाकडं.

दुसऱ्या मजल्यावर, जिथून मी तेव्हा परत फिरले होते, तिथे थोडी थांबले. दमले म्हणून नाही. खिडकीतून तो बसथांबा दिसतो. त्या बाकावर आज दुसरीच कुणी बाई बसली होती, कुणाची तरी वाट बघत. मग डाव्या हाताने कठडा धरला, तू सांगितलंस तसा, आणि वर आले. उजवा गुडघा कुरकुरला, पण चालला. मुद्दाम गुडघ्यापर्यंतचा झगा घालून आले आहे, माझ्या हातचा, आतून मलमल लावलेला. पाय उघडे आहेत. घोट्याजवळ थोडे केस राहिलेत, ते तुझ्यासाठी ठेवलेत, बघून घे. ठिपका एकही नाही.

वरून चिंगीचा आवाज येतो आहे. तिला काहीतरी खायचं नाहीये आणि दादू तिला समजावतो आहे. रविवार आहे, म्हणजे तूही घरीच असशील. तुमचं दार इतकं जवळ आहे हे मला माहीतच नव्हतं.

तुझे आभार कसे मानू मला कळत नाही. मला ते बोलता येत नाही, म्हणून सुईदोरा आणि पिवळं कापड पिशवीत आणलं आहे.

आता एक ऐक. खाली धावत येऊ नकोस. दादूलाही येऊ देऊ नकोस. कुणीही हात द्यायचा नाही. फक्त दार सताड उघड, चिंगीला कडेवर घे आणि वर उंबऱ्यात उभी राहा. हा शेवटचा जिना मला तुझ्याकडे बघत चढायचा आहे.